मुंबई ते न्यूयॉर्क: नक्की किती किलोमीटर, नक्की किती तास?

मुलांकडे पहिल्यांदाच निघालेल्या आईवडिलांचं तिकीट काढताना हा प्रश्न येतोच. जाणकारांनी नेमकं लिहा. ‘खूप लांब आहे हो’ चालणार नाही!

नकाशेबाज: सर्वात जवळचा मार्ग सुमारे १२,५०० किमी. सपाट नकाशावर पट्टी ठेवू नका, पृथ्वीगोलावर दोरा ताणा. तो मुंबईहून वायव्येला चढत जवळपास ६५ अंश उत्तरेपर्यंत जातो, ग्रीनलंडचं दक्षिण टोक गाठतो आणि कॅनडातल्या लॅब्राडोरवरून खाली उतरतो. विमान मात्र दोऱ्यावरून जाईलच असं नाही. अमेरिकी कंपन्यांना २०२२ पासून रशियाचं आकाश बंद आहे, आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना मनाई केली. त्याचा फटका दिल्लीला जास्त. मुंबईहून अरबी समुद्रावरून निघता येतं.

वाऱ्यावरची वरात: थेट विमानाला जाताना साधारण साडेपंधरा-सोळा तास, येताना तास-दीड तास कमी. कारण पृथ्वीचं फिरणं नव्हे, वातावरणही तिच्याबरोबरच फिरतं. कारण आहे जेट स्ट्रीम: साधारण १०-१२ किमी उंचीवरचा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा. हिवाळ्यात तो जास्त जोरात असतो. आणि तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत सरकणंही आलं.

घड्याळजी: दोन्ही वेळा स्थानिक असतात. न्यूयॉर्क भारताच्या मागे उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. (मार्चचा दुसरा रविवार आणि नोव्हेंबरचा पहिला रविवार, या दिवशी तिथे घड्याळं बदलतात.) जुलैत रात्री २ ला सुटून सकाळी ८ ला उतरणारं विमान दिसतं सहा तासांचं, त्यात साडेनऊ मिळवा, साडेपंधरा झाले.

दुसरी गफलत तारखेची. १५ तारखेचं रात्री १.३० चं विमान म्हणजे घरातून १४ च्या संध्याकाळी निघायचं. हे आईबाबांना दोनदा सांगा, आणि ठाण्या-डोंबिवलीहून निघणाऱ्यांनी ट्रॅफिकही धरा.

ट्रान्झिट: लंडनमार्गे अंतर फार वाढत नाही: ७,२०० अधिक ५,५५०, म्हणजे थेट मार्गापेक्षा जेमतेम दोन-अडीचशे किमी जास्त. तास खातो तो मधला थांबा, म्हणून एकूण वेळ वीसच्या पुढे जातो. थांबा दीड तासाचा असला तर स्वस्त तिकीटही नको. पहिलं विमान लेट झालं, की पुन्हा सुरक्षा तपासणी करून पुढचं गाठणं अवघड. दोन्ही टप्पे एकाच बुकिंगवर घ्या; वेगवेगळी तिकिटं असतील आणि पुढचं विमान हुकलं, तर नवीन तिकीट बहुधा तुमच्याच खिशातून.

बॅगवाला: न्यूयॉर्कहून पुढे डॅलस वगैरे असेल तर इमिग्रेशन, बॅगा पट्ट्यावरून उचलणं, कस्टम्स, बॅगा परत देणं हे सगळं पहिल्याच अमेरिकी विमानतळावर होतं. तीन तास ठेवा. अबू धाबीमार्गे गेल्यास अमेरिकी इमिग्रेशन तिथेच उरकतं, त्यामुळे तिथला थांबा मोठा हवा. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच नोंदवा.