मदत हवी आहे: रॅम पंप चालू आहे, पण टाकीत पाणी जेमतेम पोचतं

ओढ्यावर हायड्रॉलिक रॅम पंप बसवला आहे (वाहतं पाणी व्हॉल्व्ह आपटून अचानक थांबतं आणि त्या दणक्याने त्यातलं थोडं पाणी वर चढतं, वीज-इंधन लागत नाही). जागेवर वीज नाही आणि सोलरही बसण्यासारखं नाही, त्यामुळे ते पर्याय कृपया सुचवू नका.

पाण्याचा उतार 2 मीटर, टाकी पंपापासून 14 मीटर उंच. ओढ्याकडून पंपाला येणारा पाइप दीड इंची पीव्हीसी, 12 मीटर, सरळ. पंपात मिनिटाला साधारण 40 लिटर पाणी येतं. 60 टक्के कार्यक्षमता धरली तरी वर मिनिटाला 3 लिटर मिळायला हवं. मिळतं जेमतेम अर्धा लिटर.

व्हॉल्व्ह एका लयीत टकटक करतो, अडकत नाही. त्याचं वजन कमी-जास्त करून पाहिलं. एअर चेंबरमधलं पाणी काढून पुन्हा हवा भरली, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हचं रबर बदललं. कुठेही गळती नाही, वर जाणारा पाऊण इंची पाइपही मोकळा आहे.

एक गोष्ट मात्र खटकते. व्हॉल्व्ह आपटतो त्या क्षणी पंपाजवळच्या पीव्हीसीवर हात ठेवला, तर पाइप किंचित फुगल्याचं जाणवतं. म्हणजे पाण्याचा दणका तिथेच जिरत असावा. लोखंडी पाइपात दाबाची लाट सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने जाते, पीव्हीसीत त्याच्या निम्म्यानेही नाही, आणि लाट जितकी मंद तितका दणका कमजोर.

लोखंडी पाइप तिथवर खांद्यावरूनच न्यावा लागेल. ज्यांनी असा मिश्र पाइप वापरला आहे त्यांना विचारायचं आहे: पंपाजवळचे 3-4 मीटर लोखंडी केले तर पुरेसा फरक पडतो, की पूर्ण 12 मीटर बदलावेच लागतात?