गावात उभा राहणारा टॉवर, मळ्यावरची २२० केव्हीची वाहिनी आणि आईचा पेसमेकर : काळजी नेमकी कशाची करावी?

यावलकर (प्रश्न) :

नमस्कार मंडळी. आमचे गाव यावल तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. घरासमोरचा रस्ता ओलांडला की भाऊबंदांचे खळे लागते आणि त्या खळ्यात सध्या मोबाइल टॉवरचा पाया भरला जात आहे. गावात दोन तट पडले आहेत. टॉवरच्या किरणांमुळे कर्करोग होतो, लहान मुलांची डोकी दुखतात, त्यामुळे ग्रामसभेत ठराव करून काम थांबवावे, असे एका बाजूचे म्हणणे आहे. दुसऱ्या बाजूला, गच्चीवर चढल्याशिवाय फोन लागत नाही याला कंटाळलेली तरुण मंडळी आहेत. त्यातच आमच्या केळीच्या मळ्यावरून २२० केव्हीची (किलोव्होल्टची) वीजवाहिनी गेली आहे आणि तिच्याखालच्या तारेच्या कुंपणाला हात लागला की मुंग्या येतात; म्हणजे काहीतरी अंगात शिरते आहे, अशी घरातल्या बायकांची खात्री झाली आहे. गेल्या वर्षी आईला पेसमेकर बसवला आणि या दिवाळीत सूनबाईंनी इंडक्शन शेगडी घेतली. आता आई स्वयंपाकघरात पाऊल टाकायला घाबरते. परवा एक ओळखीचे गृहस्थ फोनला चिकटवण्याची ‘रेडिएशन शोषणारी’ चिप घेऊन आले होते. या सगळ्यांत खरोखर काळजी करण्यासारखे काय आहे आणि काय नाही, हे जाणकारांनी सविस्तर सांगावे, ही विनंती.

लाइनवरचा माणूस, भुसावळ :

यावलकर दादा, माझी सगळी नोकरी उच्चदाब वाहिन्यांच्या देखभालीत झाली, म्हणून वाहिनीपुरते मी सांगतो. टॉवरचे इतरांनी सांगावे.

कुंपणाला हात लावल्यावर मुंग्या येतात हा भ्रम नाही. वाहिनीखाली विद्युत क्षेत्र असते आणि जमिनीपासून अलग राहिलेल्या कोणत्याही लांब धातूवर, म्हणजे लाकडी खांबांवर ताणलेली तार, टायरवर उभी असलेली ट्रॉली, विटांवर ठेवलेला पत्रा यांवर, ते विद्युतभार निर्माण करते. आपण मातीत पाय रोवून त्याला हात लावला की तो भार आपल्यातून जमिनीत उतरतो. याच क्षेत्रामुळे ४०० केव्हीच्या वाहिनीखाली रात्री हातात धरलेली ट्यूबलाइट वायर न जोडता मंद उजळते. कुंपणावरचा उपाय सोपा आहे : ठरावीक अंतरावर लोखंडी सळई ओलीपर्यंत ठोकून तार तिला घट्ट बांधावी, म्हणजे अर्थिंग होऊन मुंग्या थांबतील. मात्र त्या तारेवर रानडुकरांसाठी झटका मशीन जोडलेले असेल, तर ही अर्थिंग मशीनच्या तारेला करता येणार नाही. ती तार वाहिनीखालून काढून बाजूने फिरवावी. (झटका मशीनऐवजी घरची वीज थेट कुंपणात सोडणाऱ्यांविषयी मी येथे लिहीत नाही, तो सरळ माणसे मारण्याचा प्रकार आहे.)

आता चुंबकीय क्षेत्र. ते विजेच्या दाबावर (व्होल्टवर) नव्हे, तर तारेतून वाहणाऱ्या प्रवाहावर अवलंबून असते, त्यामुळे भार वाढला की वाढते, आणि भिंतीने अडत नाही. वाहिनीच्या अगदी खाली ते साधारणतः काही मायक्रोटेस्ला (चुंबकीय क्षेत्र मोजण्याचे एकक) भरते आणि ५० ते १०० मीटरवर, वाहिनी नसलेल्या भागातील घरांत असते तितके खाली येते. ५० हर्ट्झसाठी, म्हणजे आपल्या घरगुती विजेच्या वारंवारतेसाठी, सर्वसामान्य लोकांची आंतरराष्ट्रीय मर्यादा २०१० पासून २०० मायक्रोटेस्ला आहे. घरातला दाढीचा विजेवरचा शेव्हर किंवा केस वाळवण्याचे यंत्र त्वचेपासून तीन सेंटीमीटरवर शेकडो मायक्रोटेस्लाचे क्षेत्र देऊ शकते. पण हात लांब केला की ते नगण्य होते. अंतराचा हा हिशेब ध्यानात ठेवला, तर निम्मी भीती जागच्या जागी विरते.

आमच्या नोकरीत माणसे दगावली ती मात्र या क्षेत्राने नव्हे. वाहिनीखाली सिंचनाचा ॲल्युमिनियमचा पाइप उभा केला, किंवा कापसाने वरपर्यंत भरलेल्या ट्रॉलीवर माणूस चढला, की तारेला स्पर्श न होताही हवेतून ठिणगी झेपावते. तुमच्या मळ्यात बाहेरगावचे मजूर येत असतील, तर त्यांना पहिल्याच दिवशी हे सांगा. शिवाय २२० केव्हीसाठी सुमारे ३५ मीटर रुंदीचा पट्टा मोकळा ठेवायचा असतो. त्यात घर किंवा गोठा बांधू नये, उंच झाडही लावू नये.

भौतिकशास्त्र शिकवणारा, धुळे :

वरील उत्तराला जोडून टॉवरविषयी लिहितो. ‘किरण’ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे क्ष-किरण किंवा अणुभट्टी येते, परंतु शरीरातील रेणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढण्यासाठी साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरीतील एका फोटॉनपाशी (लहरीच्या ऊर्जेच्या सर्वांत लहान पुडक्यापाशी) त्याच्या २५ लाखांशाहूनही कमी ऊर्जा असते. दुपारच्या उन्हातील अतिनील किरण याबाबतीत कितीतरी अधिक बलवान असतात. रेडिओलहरींचा आजवर नीट सिद्ध झालेला परिणाम एकच आहे, तो म्हणजे ऊतींचे तापणे, आणि सगळ्या मर्यादा त्यालाच धरून, भरपूर फरक राखून, ठरवलेल्या आहेत. भारताने १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय पातळीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झला ती प्रति चौरस मीटर ०.४५ वॅट होते.

आता तुमच्या खळ्यातल्या टॉवरचा ढोबळ हिशेब करू. अँटेनाला २० वॅट दिले आणि तिने ते एका दिशेला ५० पट एकवटले असे धरले, तर झोताच्या अगदी मध्यावर, ५० मीटरवर, प्रति चौरस मीटर सुमारे ०.०३ वॅट मिळतात. म्हणजे मर्यादेच्या चौदाव्या हिश्श्याच्या आसपास. एकाच टॉवरवर तीन-चार कंपन्यांच्या अँटेना आल्या तरी बेरीज मर्यादेच्या आत राहते. शिवाय अँटेनाचा झोत टॉर्चच्या उजेडासारखा समोर आणि किंचित खाली वळलेला असतो, तो बऱ्याच अंतरावर जाऊन जमिनीला टेकतो. त्यामुळे टॉवरच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना उलट कमीच मिळते. अपवाद एकच : अँटेनाच्या उंचीची, तिच्या तोंडासमोरची जवळची इमारत. तुमच्या गावात तशी कुणाची माडी आहे का, एवढे पाहावे. शंका राहिलीच, तर दूरसंचार विभागाच्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर टॉवरची माहिती पाहता येते आणि शुल्क भरून प्रत्यक्ष मोजणीही मागवता येते. ग्रामसभेत दोन तास वाद घालण्यापेक्षा वर्गणी काढून ही मोजणी मागवावी, असे मला वाटते.

टॉवरविरोधकांच्या ध्यानात एक गोष्ट येत नाही. डोक्याला सर्वाधिक लहरी मिळतात त्या टॉवरकडून नव्हे, तर कानाला लावलेल्या फोनकडून. आणि फोन आपली ताकद सिग्नलनुसार सतत कमी-जास्त करतो. टॉवर दूर असला की तो पूर्ण जोर लावतो, जवळ असला की कुजबुजल्यासारखे काम भागवतो. म्हणजे गच्चीवर चढून दोन काड्यांच्या सिग्नलवर अर्धा तास बोलणाऱ्या माणसाला, टॉवर झाल्यावर, कमी मात्रा मिळेल. फोनमुळे शरीरात शोषल्या जाणाऱ्या ऊर्जेची भारतातली मर्यादा, एक ग्रॅम ऊतीवर सरासरी काढून, १.६ वॅट प्रति किलोग्रॅम आहे आणि बहुतेक फोनवर *#०७# दाबले की आपल्या फोनचा आकडा दिसतो.

त्या चिपविषयी एवढेच : ती खरोखरच लहरी शोषत असेल, तर फोन टॉवरला पोहोचण्यासाठी आणखी जोर लावेल, आणि शोषत नसेल, तर पैसे वाया गेले. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननेही अशा कवचांबाबत ग्राहकांना हाच इशारा दिला आहे.

शहाद्याची वाचक :

सर, आपले सगळे गणित मान्य. पण जागतिक आरोग्य संघटनेच्याच कर्करोग संशोधन संस्थेने मोबाइलच्या लहरींना ‘कर्करोगकारक असू शकतात’ अशा यादीत टाकले आहे, हे आपण लिहिले नाही. उच्चदाब वाहिन्या आणि मुलांचा रक्ताचा कर्करोग यांचा संबंधही वाचनात आला आहे. घरात लहान मूल असताना ‘सिद्ध झालेले नाही’ या तीन शब्दांवर आईने निश्चिंत व्हावे, ही अपेक्षा मला जरा जास्तच वाटते. माझ्या नणंदेचे डोके वायफायजवळ बसले की दुखते, तेही खोटे म्हणायचे का?

भौतिकशास्त्र शिकवणारा, धुळे :

ताई, आक्षेप रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. त्या संस्थेने मे २०११ मध्ये रेडिओलहरींना २-बी गटात ठेवले, आणि त्याआधी, २००१ च्या बैठकीत, विजेच्या वाहिन्यांभोवती असतात तशा अतिमंद वारंवारतेच्या चुंबकीय क्षेत्रांनाही. २-बी याचा अर्थ पुरावा मर्यादित आहे, शक्यता नाकारता येत नाही, असा होतो. धोका किती मोठा आहे हे तो गट सांगत नाही. २०११ चा निर्णय प्रामुख्याने, फोनचा अतिवापर सांगणाऱ्या रुग्णांच्या आठवणींवर आधारलेल्या अभ्यासांमुळे झाला, आणि काही वर्षांपूर्वी आपण फोन कोणत्या कानाला किती वेळ लावत होतो हे मेंदूच्या गाठीच्या रुग्णाने आठवून सांगणे किती भरवशाचे, याचा विचार आपणच करावा. त्यानंतरच्या अभ्यासांचा जागतिक आरोग्य संघटनेने करून घेतलेला मोठा आढावा २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध आढळला नाही, दहा वर्षांहून अधिक काळ फोन वापरणाऱ्यांतही नाही.

वाहिन्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि ती मी झटकून टाकणार नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर शहरातील अभ्यासाने हा प्रश्न प्रथम उपस्थित केला. २००० मध्ये अनेक देशांची आकडेवारी एकत्र केली, तेव्हा घरातील सरासरी क्षेत्र ०.४ मायक्रोटेस्लाहून अधिक असलेल्या मुलांत रक्ताच्या कर्करोगाचे प्रमाण सुमारे दुप्पट दिसले. अशी घरे फारच थोडी असतात, आजार मुळात दुर्मीळ आहे, आणि इतक्या क्षीण क्षेत्राने पेशीत काय बिघडावे याची यंत्रणा कुणालाही सापडलेली नाही. म्हणून कार्यकारणभाव मानला जात नाही. तरीही नवे घर बांधताना जागेची निवड हातात असेल, तर वाहिनीपासून शंभरएक मीटर दूर जावे. त्याला काही खर्च येत नाही.

नणंदबाईंचे डोके दुखते यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त, ज्या प्रयोगांत लहरी चालू आहेत की बंद हे त्या माणसाला आणि तपासणाऱ्यालाही ठाऊक नव्हते, त्यांत अशा तक्रारी असणाऱ्यांना ते ओळखता आले नाही, आणि बंद असतानाही त्रास झालाच. म्हणून राउटर काढण्याबरोबरच चष्म्याचा नंबर, झोप आणि रक्तदाबही तपासून घ्यावा. नाहीतर खरे कारण तसेच राहून जाते.

हृदयरोग विभागातील परिचारिका, जळगाव :

यावलकर भाऊ, मला आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट आपल्या आई वाटतात, कारण विद्युतचुंबकीय क्षेत्राचा प्रत्यक्ष उपद्रव होऊ शकेल असे या सगळ्यांत त्यांचा पेसमेकर हेच एक उपकरण आहे. पेसमेकर हृदयाचे सूक्ष्म विद्युत संकेत ऐकत असतो. जवळच्या क्षेत्राला तो हृदयाचा ठोका समजला, तर तेवढ्या वेळेपुरता तो आपले काम थांबवू शकतो. आधुनिक पेसमेकर बरेच सुरक्षित केलेले असतात, पण अंतर पाळावेच लागते.

इंडक्शनपासून साधारण ६० सेंटीमीटर, म्हणजे दोन फूट, अंतर ठेवण्याचा सल्ला दिला जातो. ओट्यावर वाकून भाजी परतताना ते राहत नाही. त्यामुळे आईंनी इंडक्शनवर स्वतः स्वयंपाक करू नये. गॅसवर खुशाल करावा. सूनबाई शेगडी वापरत असताना आई स्वयंपाकघरात बसून कोथिंबीर निवडत असतील, तर काहीही बिघडत नाही. टीव्ही, मिक्सर, फ्रिज, वायफाय, समोरचा टॉवर यांची भीती त्यांच्या मनातून काढून टाका.

मोबाइल पेसमेकरपासून सहा इंच दूर हवा. आपल्याकडे बायका फोन पोलक्यात खोचतात, आणि पेसमेकर बहुतेक वेळा गळपट्टीच्या हाडाखाली डाव्या बाजूलाच असतो. म्हणजे फोन नेमका त्याच्यावर येतो. ओपीडीत हे आम्ही नेहमी पाहतो. त्यांना कमरेला लावायची कापडी पिशवी शिवून द्या आणि फोन दुसऱ्या बाजूच्या कानाला लावायला सांगा. पाठीमागे चुंबक असलेले नवे फोन, फोनची चुंबकी झाकणे आणि ब्लूटूथ स्पीकर यांबाबतही हेच अंतर पाळावे. वेल्डिंग चालू असलेल्या ठिकाणापासून लांब थांबावे, झटका मशीनच्या तारेजवळ जाऊ नये, आणि एमआरआय सांगितला तर पेसमेकरचे कार्ड आधी दाखवावे. त्या मुंग्या येणाऱ्या कुंपणालाही अर्थिंग होईपर्यंत त्यांनी हात लावू नये.

यावलकर :

सर्वांचा आभारी आहे. कुंपणाचे काम उद्याच वायरमनला सांगतो आणि मोजणीच्या वर्गणीचा विषय सोमवारच्या ग्रामसभेत मांडतो. परिचारिका ताई, एकच शंका : वाहिनीखालून जाणारी पायवाट हाच आईचा मळ्यात जाण्याचा रस्ता आहे. तो बंद करावा का?

हृदयरोग विभागातील परिचारिका, जळगाव :

चालत पलीकडे जाण्याने सहसा काही होत नाही. वाहिनीच्या खाली थांबून निंदणी करणे किंवा विसावा घेणे मात्र टाळावे. पुढच्या तपासणीला जाल तेव्हा वाहिनी २२० केव्हीची आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. पेसमेकर एकध्रुवी (तारेचे टोक आणि यंत्राचे आवरण यांमधून) की द्विध्रुवी (तारेच्या टोकावरच्याच दोन बिंदूंमधून) पद्धतीने संकेत घेतो हे पाहून ते गरज असल्यास त्याची संवेदनशीलता बदलून देतील. वाटेत चक्कर किंवा धडधड जाणवली, तर त्यांनी तिथे न थांबता दूर जावे आणि त्याच दिवशी आम्हाला दाखवावे.