दोन थिओडोलाइट, एक ग्लायडर आणि १३ मीटरचा घोळ

बावड्याचा_बारक्या

मंडळी, जरा डोकं लावा. वडील कालव्याच्या सर्व्हेला होते. त्यांनी लिलावात घेतलेले दोन वर्निअर थिओडोलाइट (दुर्बिणीतून आडवे-उभे कोन मोजायची यंत्रं) माळ्यावर पडून होते. इकडं भाच्यानं थर्माकोलचा मोटरवाला ग्लायडर केलाय आणि तो दीडशे मीटर वर जातोय म्हणून गल्लीभर सांगत सुटलाय. म्हटलं, मोजूया. पैज रंकाळ्यावरच्या भेळेची.

कसबा बावड्याच्या पलीकडं, तोड झालेल्या उसाच्या रानात १८० मीटरची आधाररेषा टेपनं दोनदा मोजली. एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला भाच्याचा मित्र. दोघांनी दुर्बिणीतून ग्लायडर धरत राहायचं आणि सुतळी बॉम्ब वाजला की स्क्रू आवळून कोन वाचायचे, असं ठरलं. बॉम्ब माझ्यापासून दहा पावलांवर. आडव्या कोनांवरून ग्लायडर जमिनीच्या कुठल्या बिंदूवर आहे ते काढलं, मग उभ्या कोनांवरून उंची. माझ्याकडून ९६ मीटर आली, त्याच्याकडून १०९. तीनदा केलं. तिन्ही वेळा फरक, आणि दर वेळी वेगळा.

यंत्रं कोनाच्या २० सेकंदांपर्यंत वाचतात (एका अंशाचे ६० मिनिटं, एका मिनिटाचे ६० सेकंद). मग १३ मीटर कुठं गेले?

शिरोली_पुलाची

जीपीएस लॉगर चिकटवा की भावा. विषय संपला.

बावड्याचा_बारक्या

भाचा म्हणतो वजन वाढतंय. आणि त्याची उंची पण हलते की, जमिनीवर ठेवला तरी. शिवाय यात मजा काय राहिली?

निवृत्त_ट्रॅकर

बारकू, यंत्रं निर्दोष आहेत. चोर तुमचा सुतळी बॉम्ब आहे.

आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तुम्हाला तो लगेच ऐकू आला, मित्राला अर्ध्या सेकंदानं. त्या अर्ध्या सेकंदात ग्लायडर सात-आठ मीटर पुढं गेला. म्हणजे तुम्ही एक ग्लायडर मोजलात आणि त्यानं दुसरा. त्यावर दोघांचा हात स्क्रूपर्यंत जायला लागलेला वेळ वेगळाच, म्हणून फरक दर वेळी निराळा येतो.

मी पूर्व किनाऱ्यावर बावीस वर्षं हेच केलं, फक्त लक्ष्य थर्माकोलचं नव्हतं. सिने-थिओडोलाइट म्हणजे तुमच्या वडिलांचं यंत्र अधिक सिनेमाचा कॅमेरा. बर्लिनच्या आस्कानिया कंपनीची यंत्रं दुसऱ्या महायुद्धात जर्मनीतल्या पेनेम्युंडेला व्ही-२ रॉकेटच्या चाचण्यांत वापरली गेली, आणि युद्धानंतर अमेरिकनांनी तसलीच यंत्रं आपल्या व्हाइट सँड्सच्या चाचणी मैदानावर लावली. जुन्या आस्कानियावर दोन माणसं बसायची, एक आडवा कोन सांभाळायला, एक उभा. मला विचाराल तर त्यातली खरी हुशारी वेगळ्याच जागी आहे. लक्ष्य क्रॉसवायरवर, म्हणजे दुर्बिणीतल्या मधल्या फुलीवर, कधीच नेमकं बसत नाही, आणि बसावं असा त्या यंत्राचा हट्टही नाही. फिल्मच्या एकाच चौकटीत लक्ष्यही येतं आणि त्या क्षणाचा कोनही. लक्ष्य मध्यापासून किती सरकलंय ते नंतर फिल्मवर मोजायचं आणि कोनात मिळवायचं. माणसाचा हात चुकणार हे धरूनच यंत्र बांधलेलं आहे. माफी नाही ती वेळेच्या चुकीला. सगळ्या केंद्रांचे शटर एकाच ठोक्यावर उघडले पाहिजेत. सेकंदाला १००० मीटर जाणाऱ्या वस्तूला एक मिलिसेकंद चुकला की एक मीटर गेला. उलट कोनाचा एक सेकंद १० किलोमीटरवर जेमतेम पाच सेंटीमीटर होतो.

रडार असताना हे कशाला, असं लोक विचारतात. सुटल्या सुटल्या लक्ष्य जमिनीलगत असतं, तेव्हा रडारच्या लहरी जमिनीवरून, समुद्रावरून परतून गोंधळ घालतात. पहिले काही सेकंद भिंगच खरं बोलतं. म्हणून ओडिशातल्या चांदीपूरच्या क्षेपणास्त्र चाचणी केंद्रात आजही रडारच्या जोडीला ऑप्टिकल यंत्रणा आहे. अर्थात धुकं आलं की आम्ही चहा पीत बसायचो, आणि लक्ष्य सूर्यापाशी गेलं की हात वर.

नव्या पोरांना मी घारीवर सराव करायला लावायचो. घार सरळ कधी जात नाही. आत्ता आहे तिथं दुर्बीण नेलीत की ती सुटलीच, पुढं कुठं वळणार ते हाताला आधी कळावं लागतं. महिनाभरात मान दुखायची थांबते.

आता तुमचा उपाय. यंत्रानं पाठलाग करूच नका. दोन्ही मोबाइल दुर्बिणींवर पक्के बसवा, दुर्बिणी आवळून आकाशात एकाच जागी रोखा आणि ग्लायडर त्या चौकटीतून जाऊ द्या. वेळेसाठी दोन्ही मोबाइल शेजारी धरून रेकॉर्डिंग सुरू करा, समोर एक टाळी वाजवा, आणि रेकॉर्डिंग बंद न करता एक मोबाइल पलीकडच्या टोकाला न्या. सिनेमावाले क्लॅप देतात तसंच, कोल्हापुरात हे मी काय सांगणार. मोबाइलमधलं स्टॅबिलायझेशन आठवणीनं बंद करा, नाहीतर तो शहाणा चित्र आपल्या मनानं सरकवतो. एक पिक्सेल म्हणजे किती कोन, हे लांबच्या पाण्याच्या टाकीवर दुर्बीण पाच अंश फिरवून मोजा. भिंगाच्या कडेला चित्र वाकतं, त्यामुळं मधल्या भागातल्याच चौकटी घ्या.

उद्यमनगर_लेथवाला

काका, नाद खुळा. बारक्या, ते मोबाइल दुर्बिणीवर रबर बँडनं बांधू नकोस, हलतंय. दुर्बिणीचा बाहेरचा व्यास व्हर्निअरनं घेऊन पाठव, दोन भागांची ॲल्युमिनियमची क्लॅम्प टाकून देतो. आतून चामड्याची पट्टी, म्हंजे नळीला ओरखडा नाही. बाबूराव पेंटरांनी याच गावात सिनेमाचा कॅमेरा घडवला, खरी कॉर्नरला त्याचा स्तंभ हाय. आपल्याला एक क्लॅम्प जमंना व्हय?

बावड्याचा_बारक्या

झालं! लेथवाल्या दादांनी मजुरी घेतली नाही, चहा मात्र मीच पाजला. काकांनी सांगितलं तसंच केलं. माझ्या मोबाइलला एक पिक्सेल कोनाच्या साधारण दोन मिनिटांचा पडला, म्हणजे दीडशे मीटरवर नऊएक सेंटीमीटर. माझ्याकडून १०३, पलीकडून १०५. पुढच्या चार चौकटींतही दीड-दोन मीटरच्या वर फरक नाही. भाचा आता म्हणतोय वारं पडलेलं होतं.

ते दोन मीटर कसले असतील, काका?

निवृत्त_ट्रॅकर

आधी सांगा, दोन्ही टोकं एका पातळीत आहेत का? उसाचं रान पाण्याच्या बाजूला उतरतं. यंत्रानं यंत्राकडंच पाहून उभा कोन वाचा, दोन्ही फेसनी, म्हणजे एकदा सरळ आणि एकदा दुर्बीण उलटी फिरवून. रात्री याच यंत्रातून ध्रुव तारा धरलात तर दिशाही तपासून होईल, आम्ही ताऱ्यांवरच तपासायचो. आणि भाच्याला म्हणावं, वाऱ्याच्या दिवशी परत मोजा. भेळेला मीही येतो.