परतीच्या सकाळी डाइव्ह नको

‘पॅकेजमध्ये स्कूबा डाइव्ह आहेतच, तर परतीच्या विमानाच्या दिवशी सकाळीही एक उरकून घ्या’ हा इथे कुणीतरी दिलेला सल्ला कृपया कुणी मनावर घेऊ नका. खोल पाण्यात शरीरात मुरलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानाच्या केबिनमधला दाब 6-8 हजार फूट उंचीवरच्या हवेइतकाच, म्हणजे कमी असतो; त्यात या नायट्रोजनचे शरीरातच बुडबुडे होऊन त्रास होऊ शकतो. विमानात बसण्याआधी एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास, रोज डाइव्ह करत असाल तर 18 तास थांबायचंच. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटावर आम्ही शेवटचा दिवस नुसत्या स्नॉर्कलिंगला (नळीने श्वास घेत पाण्याच्या पृष्ठभागावरच पोहायला) ठेवला होता.

आणि हो, तिथे पालांकार रीफवर (प्रवाळाच्या रांगेवर) प्रवाह तुम्हाला वाहून नेतो, बोट वरून तुमच्या श्वासाच्या बुडबुड्यांचा माग काढत येते. रिसॉर्टच्या पूलमधल्या तासाभराच्या धड्यावर तिथे उतरू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.