पगार ५२ हजार, हप्ते ३१ हजार. सुरुवात कुठून करू?

चिंचवडकर
नमस्कार मंडळी. हातात ५२ हजार येतात. घराचा हप्ता १७,८००, बहिणीच्या लग्नाला काढलेलं पर्सनल लोन ६,४००, भिशी २,५००. कार्डावर ८६ हजार थकलेत, त्याचे मिनिमम ४,३०० न चुकता भरतो, तरी आकडा हलत नाही. वीस तारखेनंतर दूधवाल्याला तोंड चुकवतो. खर्चाची वही दोनदा घातली, आठवड्यात बंद. एखादं चांगलं ॲप सुचवा. बायकोचे दागिने मोडावेत असंही मनात येतं, तिला अजून बोललो नाही.

हिशेबी_काकू
ॲप राहू दे. स्टेटमेंटवर व्याजाचा दर बघा. महिना साडेतीन टक्के धरला तर ८६ हजारांवर ३,०१० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ५४२. तुमच्या ४,३०० मधून मुद्दलाला लागतात जेमतेम साडेसातशे! वर त्याच कार्डावर किराणा घेत असाल तर थकबाकी असताना बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून मीटर चालू. आधी कार्ड कपाटात.

सडाफटिंग
बँकेशी बोलून सेटलमेंट करून टाका, निम्म्यात सुटाल.

हिशेबी_काकू
काहीतरीच. सिबिलवर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' लागलं की पुढची कित्येक वर्षं कर्ज मागताना नाकी नऊ येतात. हप्ते भरता येतायत त्यांनी तिकडे बघूही नये.

कोकणातला_बापू
दादा, सोनं मोडू नका, तारण ठेवा. समजा १० टक्क्यांनी मिळालं, तर ८६ हजार दोन वर्षांत फेडायला महिना ३,९७० च्या आसपास. आता भरताय त्याहून कमी, आणि शेवटी दागिने घरात. मात्र थकलं तर लिलाव होतो, म्हणून वहिनींना विचारल्याशिवाय पाऊल टाकू नका. भिशी लागेल ती सगळी त्यातच घाला.

वहीचं म्हणाल तर आमच्याकडेही टिकली नाही. आता पगार झाला की रोख काढून चार पाकिटं: किराणा, दूध-भाजी, पेट्रोल, सटरफटर. डाळीच्या डब्यामागे ठेवतो. गेल्या महिन्यात भाजीचं पाकीट २४ तारखेला संपलं, मग महिनाअखेर पिठलं आणि मटकी. पोरं कुरकुरली, पण दुसऱ्या पाकिटाला हात लावला नाही.

चिंचवडकर
दर ३.७५ निघाला, काकू. हिला सांगितलं. तिला सगळं माहीत होतं, बँकेचे मेसेज वाचायची. म्हणाली बांगड्या ठेवा, मंगळसूत्राला हात लावायचा नाही. शनिवारी जातोय. बांगड्यांची पावती सापडत नाही, अडेल का?

कोकणातला_बापू
सहसा नाही. सोनं आपलंच आहे असं लिहून घेतात, वजन-कस त्यांचा सोनार बघतो. दुसरा-चौथा शनिवार नाही ना, तेवढं बघून निघा.