नाना, त्या मतदानात मीपण मत दिलं होतं

नाना: इंग्लंडमध्ये परत चर्चा चालू आहे म्हणे, युरोपियन युनियनमध्ये परत जावं का म्हणून. हा काय पोरखेळ आहे का? २०१६ ला मतदान झालं, ५२ विरुद्ध ४८, विषय संपला ना. आपल्या घरात काय शिजवायचं ते ब्रुसेल्सच्या बाबूंनी का ठरवायचं. मला त्यांचं बाहेर पडणं तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं

मामा (निफाड): नाना, शेजारी ठरवत नसेल पण गिऱ्हाईक ठरवतंच की. २०१० आठवा. द्राक्षात लिहोसिन या फवारणीच्या औषधाचा अंश सापडला आणि युरोपात आपला माल अडकला. तो नियम करताना आम्हाला कोणी विचारलं होतं का? पण तिकडे विकायचं तर पाळायचा. आता इंग्लंडचं तेच झालंय, युरोपात माल घालायचा तर नियम त्यांचेच, आणि आधी निदान नियम ठरवायला बसायला खुर्ची तरी होती

दादा (स्लाव): मामा अगदी बरोबर. युरोपच्या संसदेत ब्रिटनचे ७३ खासदार होते, आता एकही नाही

मामा (निफाड): आणि आमचं काम वाढलं ते वेगळंच. पूर्वी रॉटरडॅमला उतरलेला माल तसाच पुढे इंग्लंडला जायचा, २०२१ पासून मध्ये कस्टम आलं, मालात औषधाचा किती अंश चालतो त्याची यादीपण युरोपची वेगळी आणि ब्रिटनची वेगळी

नाना: कागद वाढले म्हणून देशाने स्वतःचा कारभार दुसऱ्याकडे द्यायचा का? आणि ते आठवड्याला ३५ कोटी पौंड देत होते युरोपला, बाहेर पडा म्हणणाऱ्यांच्या प्रचाराच्या लाल बसवर लिहिलं होतं, ते तर वाचले

दादा (स्लाव): नाना तो आकडाच फुगवलेला होता, त्यात ब्रिटनला मिळणारी सूट वजाच केली नव्हती. त्यांच्या सरकारी आकडेवारीवर देखरेख करणाऱ्या संस्थेनेच मतदानाआधी सांगितलं होतं की हे दिशाभूल करणारं आहे, तरी बस फिरतच राहिली

दादा (स्लाव): आणि नाना एक गोष्ट इथे कधी सांगितली नाही ती आज सांगतो. त्या मतदानात मीपण मत दिलं होतं

नाना: तू? तुझा तर पासपोर्ट आपला होता ना तेव्हा

दादा (स्लाव): हो आपलाच होता. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे म्हणून तिथे राहणाऱ्या आपल्या लोकांना त्या मतदानात हक्क होता. आणि मी बाहेर पडायला मत दिलं. आमच्या लंडनजवळच्या स्लावमध्ये ५४ टक्के लोकांनी तेच केलं

वहिनी (म्हापसा): भाऊजी तुम्ही?? तुम्ही तर आत्ता मामांच्या बाजूने बोलताय

दादा (स्लाव): वहिनी ऐका मग. बाबा गेले आणि २०१४ ला मी आईला कायमचं आणायला अर्ज केला. मला कायम राहायचा परवाना (पीआर) मिळालेला, घर होतं, पगार होता, तरी नकार आला. कारण काय तर पैसे देऊन नाशिकलाच काळजी घेणारं माणूस ठेवता येईल. २०१२ ला नियमच तसा कडक केला होता. आणि माझ्या भिंतीपलीकडे पोलंडचा माणूस, २००५ ला आलेला, सुतार. त्याची आई नुसतं ओळखपत्र दाखवून विमानातून उतरली आणि राहिली. ती बाई आमच्या कुंपणावरून काकडीच्या लोणच्याची बरणी द्यायची, बडीशेपेच्या काड्या दिसायच्या पाण्यात, आणि मी बरणी घेताना मनात म्हणायचो हिला का आणि माझ्या आईला का नाही. प्रचारातपण तेच सांगत होते की युरोपवाल्यांची मोकळीक बंद झाली की भारतातल्या लोकांना समान न्याय मिळेल, करी रेस्टॉरंटला आचारी मिळतील वगैरे. मी तो शब्द खरा धरला

दादा (स्लाव): २३ जून, गुरुवार, शाळेत मतदान होतं, दोरीला बांधलेली पेन्सिल, कागदावर दोनच चौकोन, राहायचं की सोडायचं. सोडून मग पुढे काय करायचं ते त्या कागदावर नव्हतं नाना, म्हणून तर नंतर साडेतीन वर्षं संसदेत भांडत बसले, पंतप्रधान तेरेसा मे यांचा बाहेर पडायचा करार २३० मतांनी पडला. उत्तर आयर्लंड ब्रिटनचं आणि बाकीचं आयर्लंड युरोपियन युनियनमध्ये, त्या मधल्या सीमेचं काय ते बहुतेकांच्या डोक्यातच नव्हतं. पाचशे किलोमीटर सीमा, १९९८ च्या करारानंतर तिथे शांतता आली, तिथे परत चौकी बसवणार कोण? शेवटी उत्तर आयर्लंडला मालापुरतं युरोपच्याच नियमात ठेवलं आणि तपासणी समुद्रावर आणली, म्हणजे स्वतःच्याच देशात माल पाठवायला कागद

वहिनी (म्हापसा): मला तर आमच्या शेजारचा मुलगा आठवला. आजोबा १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले, त्यावर याने पोर्तुगीज पासपोर्ट काढला, भारताचं नागरिकत्व सोडलं आणि इंग्लंडमध्ये स्विंडनला गोदामात कामाला लागला. त्याला त्या मतदानात मत नव्हतं कारण तो युरोपियन झाला होता. भारतीयच राहून व्हिसावर गेला असता तर मिळालं असतं! २०२१ च्या जूनच्या आत सेटल्ड स्टेटसचा, म्हणजे तिथे पुढेही राहायच्या हक्काचा अर्ज करायला धावपळ, त्याची आई आमच्याकडे येऊन बसायची, जुने पत्त्याचे पुरावे शोधा, पगाराच्या स्लिपा शोधा. मिळालं एकदाचं. आता घरातल्या धाकट्याला तो रस्ता बंद

मामा (निफाड): म्हणजे ज्याचं घर हलणार त्यालाच विचारलं नाही

दादा (स्लाव): मामा तेच तर सांगतोय. माझा पोलिश शेजारी ११ वर्षं टॅक्स भरत होता, त्याला मत नाही आणि मला आहे

धाकटी (लीड्स): दादा पण दुसरी बाजूपण आहे ना, २०२१ ला शिक्षण झाल्यावर तिथे काम करू देणारा ग्रॅज्युएट व्हिसा परत आणला म्हणून मी आले, आमच्या बॅचमध्ये निम्मे आपलेच. युरोपची मुलं कमी झाली कारण त्यांना आता आमच्याइतकीच फी आहे

दादा (स्लाव): हो गं, ते खरंय, नाकारत नाही. पण लोकांना सांगितलं होतं की बाहेरून येणारे कमी होतील, झालं उलटंच, मग आता राग तुमच्यावर निघतोय, नियम दर वर्षी बदलतायत. तू आलीस याचा आनंदच आहे, फक्त विद्यापीठाचे सगळे मेल जपून ठेव

नाना: आणि तुझ्या आईचं काय झालं, परत अर्ज केलास का?

दादा (स्लाव): नियम तोच आहे नाना. युरोप सुटला तरी आईसाठी एक अक्षर बदललं नाही. ज्यासाठी मत दिलं ते मतपत्रिकेवर नव्हतंच कधी

नाना: हं. मी अजूनही म्हणेन देशाने आपलं आपण ठरवावं. पण हे तू आधी सांगायला हवं होतंस

दादा (स्लाव): २४ तारखेला सकाळी शुक्रवारी कचऱ्याचे डबे बाहेर ठेवताना तो पोलिश शेजारी भेटला होता. काही बोलला नाही, माझा डबापण ओढून रस्त्यापर्यंत नेला. २०१९ ला सगळे परत गेले पोलंडला. जाताना शिडी मला देऊन गेला

वहिनी (म्हापसा): बोलणं होतं का अजून?

दादा (स्लाव): होतं ना, नाताळला फोटो पाठवतो. त्याची आई विचारते तुझी आई आली का. मी मत कुणाला दिलं ते त्याला अजून सांगितलेलं नाही