औद्योगिक क्रांतीतील विज्ञानाचा वाटा शिकवण्यासाठी एकच उदाहरण सुचवा

नदीकाठ:
मी अकरावीला इतिहास शिकवते. ब्रिटनमधील औद्योगिक क्रांती विज्ञानामुळे घडली की कारागिरांच्या कौशल्यामुळे, या प्रश्नावर ४५ मिनिटांची एकच तासिका घ्यायची आहे. वर्गात प्रोजेक्टर नाही, म्हणून एकच उदाहरण हवे आहे. कोणते घ्यावे?

निवृत्त_अध्यापक:
निःशंकपणे जेम्स वॉट घ्या. ग्लासगो विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणाऱ्या वॉटकडे १७६३-६४ मध्ये न्यूकोमेनच्या वाफेच्या इंजिनाची छोटी प्रतिकृती आली. प्रत्येक फेरीत सिलिंडर थंड करून पुन्हा तापवण्यात बरीच वाफ वाया जाते, हे त्याने मोजून ओळखले आणि १७६५ मध्ये वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र योजले. त्याच विद्यापीठात रसायनशास्त्रज्ञ जोसेफ ब्लॅक सुप्त उष्णता (पाण्याची वाफ होताना तापमान न वाढता शोषली जाणारी उष्णता) शिकवत होते, हा विज्ञानशिक्षणाचा थेट पुरावा आहे. माझे विद्यार्थी हे उदाहरण आजही विसरलेले नाहीत. सोबत शास्त्रज्ञ आणि कारखानदारांची बर्मिंगहॅममधील मंडळी ल्यूनर सोसायटी, तिच्यातले चिनी मातीच्या भांड्यांचे कारखानदार वेजवुड आणि रसायनशास्त्रज्ञ प्रीस्टलीही घ्यावेत. चार तासिकांत सारे नीट बसते.

गिरणीतला:
पुरावा थेट नाही. सुप्त उष्णतेच्या सिद्धान्तातून आपल्याला कल्पना सुचली नाही, असे वॉटनेच पुढे लिहून ठेवले. ब्लॅककडून विचार करण्याची आणि प्रयोगाची शिस्त मिळाली, एवढे त्याने मान्य केले. सूत कातण्याची यंत्रे काढणाऱ्यांपैकी हारग्रीव्ह्ज विणकर होता आणि आर्कराइट केसांचे टोप बनवत असे. मी आयुष्यभर कताई विभागात काम केले. सुताचा पीळ बिघडला की जॉबरच्या (गिरणीतल्या मुकादमाच्या) बोटांना तो आधी कळत असे आणि पदवीधर साहेब त्याच्याकडून शिकत. सूतकताईच घ्या.

रसायनी:
नुसते सूत कातून काय होणार? कापड गवतावर पसरून, आंबट ताकात भिजवून पांढरे करायला महिने लागत. शेले यांनी १७७४ मध्ये क्लोरीन वायू मिळवला, बर्तोले यांनी १७८५ मध्ये त्याचा विरंजक (रंग घालवण्याचा) गुण दाखवला आणि १७९९ मध्ये टेनंट यांनी विरंजक चूर्णाचे (ब्लीचिंग पावडरचे) पेटंट घेतले. इथे प्रयोगशाळेतून कारखान्यापर्यंतची वाट स्पष्ट दिसते. मात्र वर्गात चूर्ण नेलेत तर त्यात आम्ल मिसळू देऊ नका. आमच्याकडे एका सहकाऱ्याने तसे केल्यामुळे अख्खा मजला रिकामा करावा लागला होता.

माहीमकर:
मुंबईला का विसरता? येथील पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट १८८७ मध्ये निघाली. यंत्रे आणि ती चालवणारे तज्ज्ञ इंग्लंडमधील लँकेशायर या कापडगिरण्यांच्या भागातून येत, म्हणजे शिक्षण उद्योगाच्या मागून आले. विद्यार्थ्यांना एक दिवस माटुंग्याला, त्या संस्थेत, घेऊन जावे.

निवृत्त_अध्यापक:
मुंबईचा प्रश्न वेगळा आहे, कारण तिथे तयार तंत्र आयात झाले. ब्रिटनमध्येही ऑक्सफर्ड आणि केंब्रिजने फारसे काही केले नाही. त्यांची दारे ज्यांना बंद होती त्या, चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या प्रोटेस्टंट पंथांनी वॉरिंग्टनसारख्या अकादमी काढल्या आणि प्रीस्टलींनी तिथे अध्यापन केले. तरीही माझा आग्रह वॉटचाच आहे.

नदीकाठ:
सर्वांचे आभार. मी न्यूकोमेनचे १७१२ मधील इंजिन निवडत आहे. तो लोखंडी अवजारांचा व्यापारी होता, पण त्याचे यंत्र वातावरणाच्या दाबावर चाले आणि त्या दाबाचा प्रयोग टोरिचेली यांनी १६४३ मध्येच केला होता. वाफेने भरलेल्या सिलिंडरमध्ये थंड पाणी फवारले की वाफेचे पाणी होऊन पोकळी निर्माण होई, हवा दट्ट्या खाली दाबी आणि कोळशाच्या खाणीतले पाणी वर उपसले जाई. विज्ञान आणि कारागिरी इथे एकाच यंत्रात दिसतात. पत्र्याच्या डब्यात पाणी उकळून, तो बंद करून थंड केला की चेपतो, हे मी वर्गासमोर करून दाखवणार आहे.

गिरणीतला:
निवड मला मान्य नाही, पण डबा पातळ पत्र्याचाच घ्या. पाणी उकळत असताना झाकण उघडे असू द्या आणि ज्योत विझवल्यावरच ते घट्ट लावा, नाहीतर डबा चेपण्याऐवजी फुटेल.